सदतीस सेकंद

भिंत एकच.
पलीकडं जुनैदचं फायबर,
अलीकडं माझा मोबाइल, रोजचा दीड जीबी,
त्यातला अर्धा दुपारीच लॅबमधल्या पोरींनी
हॉटस्पॉट मागून मागून संपवलेला.

फोन तांब्याला टेकवून उभा केला.
तांब्यात पाणी, म्हणजे कलंडत नाही.
बाबा वाकळ पांघरून, कानटोपी घालून.
परभणीची थंडी, रात्रीचा साडेबारा,
आणि कुठल्यातरी दूर देशात घामानं निथळणारी बावीस माणसं.

‘आपली कोणती?’
‘पांढरी.’
‘जर्मनी व्हय?’
व्हय. दुसरी कोणती असणार?
जगात जर्मनी, भारतात परभणी,
हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाबी येतं.
का म्हणतात, ते म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही.

पहिल्या मॅचला मधेच भिंत ओरडली.
बाबा दचकले, ‘कोण गेलं गं?’
आमच्याकडं चेंडू अजून मधल्या रेघेवर
कुणाच्यातरी पायात घुटमळत होता.
मग निघाला, डावीकडं, पुन्हा मागं,
मग चाक.
वारा न देणाऱ्या पंख्यासारखं गरगरणारं चाक.
आणि मग गोल. शिळा.

बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं.
बत्तीस वर्षं लाइनमन. खांबावर चढणारा माणूस
अंदाजानं काही बोलत नाही.
पुढच्या गोलला मोजलं: सदतीस सेकंद.
‘करंट असा नसतोय,’ म्हणाले,
‘मी डीपीवर फ्यूज टाकला की
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
लाइट एकदमच. सगळी गल्ली एका तोंडानं: आलीऽऽ!
एक घर आधी, एक घर मागून,
हे कसलं वाटप?’

नंतर नंतर तर ते फोनकडं बघेनातच.
भिंतीकडं तोंड करून मॅच बघायचे.

गच्चीवर चादरी वाळत घालताना
मी नुसरतला म्हणाले, हसतच,
तुमच्या घरी गोल होतो,
आमच्या घरी त्याची बातमी येते.
ती म्हणाली, ‘हौ क्या?’
चिमटे दातात धरून. तेवढंच.

पुढची मॅच. भिंत गप्प.
झोपले असतील, बाबा म्हणाले.
तांब्यापुढं एका पांढऱ्या पोरानं उडी घेतली,
डोकं लावलं, जाळी हलली,
मी ओरडले
आणि माझ्याच ओरडण्यात भिंत ओरडली.

सदतीस सेकंद त्या घरानं गोल
दातात धरून ठेवला होता.
लतीफचाचांनी, अम्मींनी, जुनैदनं.
त्याच्या चार वर्षांच्या पोरीच्या तोंडावर
म्हणे नुसरतचा हात होता.
बाबा काही बोलले नाहीत.
उठून तांब्यातलं पाणी तेवढं बदलून आणलं.

उपांत्य सामना. बरोबरी. पेनल्ट्या.
आता बाबांना भिंतीची शांतताही वाचता येऊ लागली होती:
एक बांगडी वाजली, ‘गेला बघ आत.’
कुणी खोकलं, ‘अडवला.’
शेवटची किक उरली
आणि लाइट गेली.

तिकडं फायबर मेलं.
इकडं फोन जिवंत, अकरा टक्के.
सगळ्या स्पर्धेत पहिल्यांदाच आम्ही पुढं.

पांढऱ्या पोरानं चेंडू ठेवला. पुन्हा उचलला. पुसला. ठेवला.
धावला.
चेंडू आडव्या खांबावरून प्रेक्षकांत.

भिंतीवर टकटक.
‘गोदू, क्या हुआ? मारा क्या?’

मी तोंड उघडलं.
बाबांनी मनगट धरलं,
तार चालू असताना हेल्परचं धरावं तसं.
‘मोज,’ म्हणाले.

एकवीस. बावीस.
‘गोदूऽ?’

लाइट कधी येणार विचारलं तर
बत्तीस वर्षांत कुणाला
उगीच ‘आत्ता येईल’ न म्हणालेला माणूस
अंधारात चाचपडत भिंतीपाशी गेला,
गार गिलाव्याला तोंड लावून म्हणाला,
‘चाक फिरलालंय अजून.’